खिशातल्या प्लेअरचे संगीत घरातल्या स्टीरिओवर

खिशात मावणाऱ्या संगीत-प्लेअरमध्ये किंवा मोबाइलमध्ये साठवलेले गाणे म्हणजे आकड्यांची एक लांबच लांब रांग असते. दिवाणखान्यातल्या स्पीकरचा पडदा मात्र आकड्यांनी हलत नाही, तो हलतो सतत कमीजास्त होणाऱ्या विजेच्या दाबाने. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आकड्यांचे विजेच्या लहरीत रूपांतर व्हावेच लागते, आणि ते नेमके कोणत्या ठिकाणी, कोणत्या उपकरणात व किती नेटकेपणाने होते, हा प्रश्न प्लेअर स्टीरिओला जोडण्याच्या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी आहे. बाजारात केबल, डॉक, ब्लूटूथ रिसीव्हर, स्ट्रीमर अशा नाना नावांची साधने मिळतात आणि त्यांच्या जाहिरातींनी ग्राहक गोंधळून जातो. परंतु हा एक प्रश्न हाताशी ठेवला, तर प्रत्येक साधनाचे खरे काम काय आणि त्यासाठी किती पैसे मोजणे रास्त आहे, हे बऱ्याच अंशी उलगडते.

ध्वनी आकड्यांत कसा उतरतो, ते आधी पाहणे आवश्यक आहे. मायक्रोफोनमधून येणाऱ्या लहरीची उंची ठरावीक अंतराने मोजायची आणि प्रत्येक मोजमाप लिहून ठेवायचे, एवढीच मूळ कल्पना आहे. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा घ्यावे असे ठरले. लहरीतली जी सर्वांत उंच कंप्रता पकडायची, तिच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी करावी लागते, असा गणिताचा नियम आहे; माणसाच्या कानाची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ असल्यामुळे ४०,००० च्या थोडी वरची कोणतीही संख्या चालली असती. नेमकी ४४,१०० निवडली गेली, याचे कारण त्या काळी डिजिटल ध्वनी साठवण्यासाठी व्हिडिओ टेप वापरली जात असे आणि हा आकडा तिच्या रेषांच्या हिशेबात चपखल बसत होता. प्रत्येक मोजमापासाठी १६ बिट, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या, आणि डावा व उजवा असे दोन मार्ग मिळून सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. त्यामुळे तासभर चाललेल्या एका ख्यालाच्या ध्वनिमुद्रणाला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. एमपी३ सारख्या पद्धतींनी कानाला सहसा जाणवणार नाही असा भाग वगळून हेच ध्वनिमुद्रण सेकंदाला १,२८,००० बिटांत बसवले, म्हणजे जागा साधारण एक अकरांश झाली, आणि खिशातल्या प्लेअरचे युग त्यामुळेच शक्य झाले.

आकड्यांची ही रांग पुन्हा लहरीत बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाला डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर म्हणतात, आणि त्याच्या आद्याक्षरांवरून व्यवहारात त्याला डॅक असे म्हटले जाते. ॲनालॉग म्हणजे मूळ लहरीसारखाच चढउतार असलेला सलग विद्युत्प्रवाह. गाणे वाजवणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये, सीडी प्लेअरमध्ये, टीव्हीमध्ये आणि ब्लूटूथ स्पीकरमध्ये एक तरी डॅक असतोच. त्याच्या पुढे ॲम्प्लिफायर येतो, जो या नाजूक प्रवाहाला स्पीकर हलवण्याइतके बळ देतो. एकदा ध्वनी ॲनालॉग झाला, की पुढच्या प्रत्येक टप्प्यावर त्यात थोडीफार खरखर किंवा घरघर मिसळण्याची शक्यता राहते. तो आकड्यांत असेतोवर मात्र केबल लांब असो वा स्वस्त, आकडे पोचले तर जसेच्या तसे पोचतात. म्हणूनच शक्य तितके अंतर आकड्यांच्या रूपात कापावे आणि रूपांतर ॲम्प्लिफायरच्या जवळ, स्थिर वीजपुरवठा असलेल्या उपकरणात करावे, हे डिजिटल जोडणीमागचे तत्त्व आहे.

तरीही सर्वांत साधी जोडणी अजून ॲनालॉगच आहे, आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. प्लेअरच्या हेडफोनच्या ३.५ मिलिमीटर छिद्रात एक पिन आणि ॲम्प्लिफायरच्या मागे लाल व पांढऱ्या रंगाच्या दोन पिना, अशी ही केबल पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कोणत्याही दुकानात ऑक्स केबल म्हणून मागितली की हातात पडते. लाल पिन उजव्या बाजूची, पांढरी डावीची. छोट्या पिनेकडे निरखून पाहिले तर तिच्यावर काळ्या कड्यांनी वेगळे केलेले तीन भाग दिसतात: टोक डाव्या मार्गाचे, मधले कडे उजव्याचे आणि उरलेला दांडा दोघांच्या सामाईक परतीचा. कडी तीन आणि भाग चार असतील, तर ती पिन माइक असलेल्या हेडफोनची आहे आणि काही जुन्या यंत्रांत ती नीट बसत नाही.

ॲम्प्लिफायरच्या मागे ऑक्स, सीडी, टेप किंवा ट्यूनर असे लिहिलेल्या कोणत्याही सॉकेटांच्या जोडीत ही केबल लावता येते. फक्त फोनो असे लिहिलेली जोडी टाळावी लागते. फोनो ही जागा ग्रामोफोनच्या सुईसाठी राखलेली असते. सुईकडून जेमतेम काही सहस्रांश व्होल्ट येतात आणि रेकॉर्ड कोरताना मुद्दाम दबवलेले खर्जातले स्वर तिथे पुन्हा उचलावे लागतात, म्हणून त्या जागी फोन जोडला तर आवाज फाटून, गुरगुरत बाहेर येतो. सत्तरच्या दशकातल्या अनेक युरोपीय बनावटीच्या यंत्रांवर लाल-पांढरी सॉकेटे नसून पाच छिद्रांचे गोल डिन सॉकेट असते. त्यातल्या तीन आणि पाच क्रमांकाच्या पिना टेप वाजवण्यासाठीचे डावे-उजवे मार्ग आणि दोन क्रमांकाची परतीची, अशी रचना असल्यामुळे साधी जोडपिन लावून असे यंत्रही आजच्या फोनवर चालते. पन्नास वर्षांचा ॲम्प्लिफायर आणि गेल्या वर्षीचा फोन एका साध्या तारेने एकमेकांशी बोलू शकतात, ही ध्वनिशास्त्राच्या जुन्या मानकांची मोठी देणगी आहे.

ऑक्स जोडणीत एक चूक फार सर्रास होते. सीडी प्लेअर ॲम्प्लिफायरला साधारण २ व्होल्टपर्यंतचा संदेश देतो, तर बहुतेक फोनचे हेडफोन-छिद्र त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी देते, कारण ते कानाला लागलेल्या छोट्या हेडफोनसाठी बनलेले असते. अशा स्थितीत फोनचा आवाज कमी ठेवून ॲम्प्लिफायरची कळ पार पुढे फिरवली, तर गाण्याबरोबर ॲम्प्लिफायरची स्वतःची सूंसूंही मोठी होते. शिवाय फोनचा आवाज कमी करणे म्हणजे पुष्कळदा आकड्यांनाच लहान करणे असते, आणि व्होल्टेज निम्मे झाले की सुमारे एका बिटाइतका तपशील कमी होतो. त्यामुळे फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून, सुरात फाटलेपणा जाणवला तर किंचित खाली आणून, पुढचे सगळे नियंत्रण ॲम्प्लिफायरच्या कळीवर सोपवणे योग्य ठरते.

खिशातल्या प्लेअरमधून आकडेच बाहेर काढून स्टीरिओला द्यावेत, ही कल्पना कशी पुढे आली, याचा सर्वांत स्पष्ट इतिहास ॲपलच्या आयपॉडमध्ये वाचायला मिळतो. २३ ऑक्टोबर २००१ रोजी सादर झालेल्या पहिल्या आयपॉडमध्ये ५ गिगाबाइटची हार्ड डिस्क होती आणि खिशात एक हजार गाणी, असे त्याचे वर्णन केले गेले. हेडफोनसाठी त्याचा ध्वनी चांगला होता, परंतु घरच्या संचाला जोडायचे तर मार्ग एकच होता, हेडफोनच्या छिद्राचा. २००३ साली तिसऱ्या पिढीच्या आयपॉडला तळाशी तीस पिनांचे सॉकेट आले आणि त्यातून लाइन-आउट, म्हणजे हेडफोनचा छोटा ॲम्प्लिफायर व आवाजाची कळ वगळून थेट डॅककडून येणारा स्थिर पातळीचा संदेश मिळू लागला. आयपॉड डॉकवर उभा करायचा आणि डॉकची तार स्टीरिओला द्यायची, ही पद्धत त्यानंतर जगभर रूढ झाली. ध्वनी सुधारला, पण रूपांतर अजूनही आयपॉडच्या पोटातच, बॅटरीची बचत आणि जागेची टंचाई सांभाळून बसवलेल्या एका इवल्या चिपमध्ये होत होते.

२००८ साली वाडिया या अमेरिकी ध्वनियंत्र-कंपनीने १७० आयट्रान्स्पोर्ट नावाचा डॉक आणला आणि या व्यवस्थेला वळण मिळाले. ॲपलची रीतसर मान्यता घेतलेला हा डॉक आयपॉडच्या आतला डॅक वापरतच नसे; तो फाइलमधले आकडे उचलून जसेच्या तसे बाहेर देत असे आणि रूपांतराचे काम श्रोत्याच्या पसंतीच्या स्वतंत्र डॅककडे सोपवत असे. त्यामुळे आयपॉड हे हेडफोनला जोडायचे खेळणे न राहता शेकडो डिस्क सामावणारे एक वाहक-यंत्र झाले, आणि त्याच्यात पूर्ण दर्जाच्या फाइली भरल्या असतील तर तो सीडी प्लेअरच्या पंक्तीला बसू शकला. पाठोपाठ ओंक्योचा एनडी-एस१, केंब्रिज ऑडिओचा आयडी१०० असे डॉक आले. २०१२ साली तीस पिनांच्या जागी लाइटनिंग हे नवे सॉकेट आले, २०१४ साली मोठ्या हार्ड डिस्कचा आयपॉड क्लासिक थांबला आणि मे २०२२ मध्ये ॲपलने आयपॉडची उरलेली निर्मितीही संपवल्याचे जाहीर केले. डॉक गेले; त्यांनी रुजवलेला विचार मात्र आजच्या प्रत्येक डिजिटल जोडणीत कायम आहे.

आकडे एका उपकरणातून दुसऱ्यात नेण्याचे तारेचे तीन मार्ग घरगुती संचांत प्रचलित आहेत. सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून ठरवलेली एसपीडीआयएफ ही पद्धत पहिल्या दोहोंच्या मागे आहे: तिचे आकडे तांब्याच्या ७५ ओहमच्या कोॲक्सिअल केबलमधून जातात किंवा प्रकाशाच्या रूपाने प्लॅस्टिकच्या बारीक तंतूतून जातात. प्रकाशाच्या या जोडणीला तिची निर्माती तोशिबा हिच्या नावावरून टॉसलिंक म्हणतात, आणि टीव्हीच्या मागे ऑप्टिकल असे लिहिलेल्या चौकोनी छिद्रातून जो लाल उजेड दिसतो, तो तिचाच. तिसरा मार्ग यूएसबीचा. पहिल्या दोन पद्धतींत आकडे आणि त्यांची वेळ एकाच ओळीतून येतात आणि घेणाऱ्या उपकरणाला त्या प्रवाहातूनच वेळेचा ठोका शोधून काढावा लागतो. तबलजीने बोल अचूक काढले पण मात्रा किंचित मागेपुढे सरकल्या, तर ठेका ढळतो, तसे आकडे बरोबर असूनही त्यांची वेळ थरथरली तर लहरीचा आकार बिघडतो. या दोषाला जिटर म्हणतात. यूएसबीच्या असिंक्रोनस या प्रकारात ठोका डॅकच्या स्वतःच्या घड्याळाचा असतो आणि डॅकच फोनला आकडे हळू किंवा जलद पाठवायला सांगतो, त्यामुळे हा दोष मुळातच टळतो. नीट बनवलेल्या आजच्या कोणत्याही डॅकमध्ये जिटर कानाला जाणवण्याच्या पातळीखाली असतो, आणि हजारो रुपयांची डिजिटल केबल घेतल्याने आकडे अधिक गोड होत नाहीत, हे विक्रेत्यांच्या आग्रहापुढे ग्राहकाने ठामपणे लक्षात ठेवायला हवे.

आयफोन ७ बरोबर २०१६ साली हेडफोनचे छिद्र नाहीसे झाले आणि पुढे अनेक अँड्रॉइड फोननीही तोच मार्ग धरला. त्यामुळे जोडणीची दिशा आपोआप यूएसबीकडे वळली. आज फोनच्या टाइप-सी छिद्रात बसणारी बोटभर लांबीची जोडतार मिळते, तिच्या टोकाच्या फुगीर भागात पुष्कळदा एक पूर्ण डॅक दडलेला असतो, आणि ऑक्स केबलच्या साथीने तीच तार फोनला स्टीरिओशी जोडते. थोडा अधिक खर्च करायचा असेल, तर स्वतःचा वीजपुरवठा असलेला टेबलावरचा डॅक घेऊन तो फोनला यूएसबीने आणि ॲम्प्लिफायरला लाल-पांढऱ्या तारेने जोडता येतो. इथे एक खबरदारी आवश्यक आहे. अनेक म्युझिक सिस्टिमच्या दर्शनी भागावर जे चपटे यूएसबी छिद्र असते, ते पेन ड्राइव्हसाठी असते. त्यात फोन लावला तर तो बहुधा केवळ चार्ज होत राहतो. संगीताचे आकडे स्वीकारणारे यूएसबी सॉकेट सहसा मागच्या बाजूला, प्रिंटरला असते तसे चौकोनी, किंवा नव्या यंत्रांत टाइप-सीचे असते.

अँड्रॉइड फोनची आणखी एक सवय माहीत असलेली बरी. फोनमधले सर्व ध्वनी, म्हणजे गाणे, संदेशाची घंटी आणि कळांचा टकटकाट, एकत्र मिसळण्यासाठी तो पुष्कळदा सगळ्यांनाच सेकंदाला ४८,००० मोजमापांच्या साच्यात ओततो, आणि ४४,१०० चे मूळ गाणे त्यात नव्याने मोजले जाते. हा फरक बहुतेक श्रोत्यांना कळणारही नाही, तरी आकडे जसेच्या तसे बाहेर यावेत असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी यूएसबी डॅकशी थेट बोलणारी ॲप उपलब्ध आहेत आणि अँड्रॉइड १४ पासून ही सोय मूळ प्रणालीतही आली आहे. फियो किंवा ॲस्टेल अँड कर्न यांच्यासारख्या कंपन्यांचे निव्वळ संगीतासाठी बनवलेले खिशातले प्लेअर याच कारणाने टिकून आहेत.

तारेच्या जोडणीतली सर्वांत त्रासदायक तक्रार म्हणजे घरघर. गाणे थांबले तरी स्पीकरमधून खर्जातला एक अखंड घूं असा आवाज येत राहतो. भारतातला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे हा आवाज ५० आणि त्याच्या दुप्पट १०० हर्ट्झचा असतो, आणि त्याचे कारण बहुधा अर्थिंगमध्ये असते. ॲम्प्लिफायर एका प्लगवर आणि लॅपटॉपचा चार्जर दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर असला, की दोन्हींच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक पडतो आणि ऑक्स केबलच्या परतीच्या तारेतून त्या फरकाचा प्रवाह वाहू लागतो. निदानाची पहिली पायरी अगदी सोपी आहे: चार्जर काढून पाहावा. घरघर थांबली तर दोष चार्जरच्या वाटेने येतो आहे, हे सिद्ध झाले. मग दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेणे, मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची लहान डबी लावणे, किंवा ऑप्टिकल केबल वापरणे असे उपाय आहेत. प्रकाशाच्या तंतूतून वीज वाहतच नसल्यामुळे शेवटचा उपाय रामबाण ठरतो. घरघर घालवण्यासाठी ॲम्प्लिफायरच्या तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची जाड पिन तोडण्याचा किंवा तिची तार सोडवून ठेवण्याचा सल्ला मात्र कोणी दिला तरी कदापि मानू नये, कारण २३० व्होल्टचा पुरवठा यंत्राच्या धातूच्या पेटीत उतरला तर माणसाला वाचवणारी तीच एक तार असते.

बिनतारी मार्गांत ब्लूटूथ सर्वांच्या परिचयाचे आहे. ॲम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये एक छोटा ब्लूटूथ रिसीव्हर लावला की जुना संच फोनला बिनतारी जोडला जातो, आणि डॅक त्या रिसीव्हरमध्ये असल्यामुळे रूपांतर स्टीरिओच्या जवळ होते. परंतु ब्लूटूथचा रस्ता अरुंद आहे. पूर्ण दर्जाचे सेकंदाला १४ लाख बिट त्यातून सहज जात नाहीत, म्हणून वाटेत ध्वनी पुन्हा आवळावा लागतो, आणि हे आवळणे-सोडवणे करणाऱ्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एसबीसी हा कोडेक प्रत्येक उपकरणात असावाच लागतो. त्याच्या नेहमीच्या उत्तम मांडणीत सेकंदाला सुमारे ३,२८,००० बिट जातात. सोनीचा एलडॅक अनुकूल स्थितीत ९,९०,००० बिटांपर्यंत पोचतो, पण संदेश क्षीण झाला की ३,३०,००० वर उतरतो. आयफोन एलडॅक देत नाही, तो एएसी वापरतो. आणि दोन्ही टोकांना जो कोडेक सामाईक असेल तोच लागू होत असल्यामुळे, महाग फोन आणि स्वस्त रिसीव्हर यांची जोडी शेवटी एसबीसीवरच येऊन थांबते. एमपी३ म्हणून एकदा गाळलेले गाणे ब्लूटूथसाठी दुसऱ्यांदा गाळले जाते, ही या मार्गाची खरी मर्यादा आहे. पाहुणे आल्यावर पार्श्वभूमीला वाजणाऱ्या गाण्यांसाठी ती क्षम्य आहे. बैठक मारून ऐकायच्या संगीतासाठी नाही.

घरातल्या वाय-फायचा रस्ता याहून कितीतरी रुंद आहे. २००४ साली ॲपलच्या एअरपोर्ट एक्सप्रेस या भिंतीत लावायच्या छोट्या पेटीने संगणकातले संगीत वाय-फायवरून स्टीरिओपर्यंत नेले. तिच्या एकाच छिद्रातून साधी ऑक्स पिनही चाले आणि ऑप्टिकलही. ही सोय पुढे २०१० साली एअरप्ले झाली. २०१५ साली आलेल्या गूगलच्या क्रोमकास्ट ऑडिओ या चकतीएवढ्या उपकरणातही अशीच दुहेरी पिन होती आणि जुन्या ॲम्प्लिफायरला नवजीवन देण्यात त्याच्या तोडीचे स्वस्त साधन दुसरे नव्हते. २०१९ च्या आरंभी त्याचे उत्पादन थांबले, ही संगीतप्रेमींच्या दृष्टीने खरोखरच हानी झाली. आज तेच काम स्ट्रीमर नावाची वेगळी यंत्रे करतात, आणि अनेक नव्या ॲम्प्लिफायरमध्ये ती सोय आतच असते.

वाय-फायच्या पद्धतींमध्येही एक महत्त्वाचा भेद आहे. काही पद्धतींत ध्वनी फोनमधून निघून स्टीरिओकडे जातो. ब्लूटूथचे तसेच आहे आणि एअरप्लेचा मूळ साचाही तोच. क्रोमकास्ट किंवा स्पॉटिफाय कनेक्ट यांच्यासारख्या पद्धतींत मात्र फोन केवळ कोणते गाणे हवे ते सांगतो, आणि स्टीरिओला जोडलेले यंत्र ते गाणे इंटरनेटवरून स्वतः उतरवून घेते. त्यामुळे मधेच फोन आला तरी गाणे थांबत नाही आणि फोन घेऊन कोणी घराबाहेर गेले तरी दिवाणखान्यातला राग पुढे चालू राहतो. फोन इथे रिमोट झालेला असतो, आणि खिशातला प्लेअर स्टीरिओला जोडायचा या मूळ प्रश्नाचे रूपच पालटते. ज्यांच्या फोनच्या स्मृतीत स्वतःच्या कॅसेटींवरून उतरवलेली नाट्यगीते किंवा घरगुती मैफलींची ध्वनिमुद्रणे आहेत, त्यांना मात्र फोनमधून ध्वनी पाठवणारी पद्धत किंवा सरळ तारच अधिक सोयीची, कारण ती गाणी कोणत्याही सेवेच्या संग्रहात नसतात.

जोडणी कितीही उत्तम असली तरी मूळ फाइलमध्ये जे नाही ते स्टीरिओ निर्माण करू शकत नाही. हेडफोनवर चालून गेलेले दोष मोठ्या स्पीकरवर उघडे पडतात, आणि हिंदुस्थानी संगीतात ते तपासण्याची जागा तानपुऱ्यात आहे. घोडीवरच्या जवारीमुळे तानपुऱ्याच्या प्रत्येक छेडीतून उंच स्वरांशांचा एक झगमगता पिसारा उलगडत जातो. कमी बिटांच्या एमपी३ मध्ये सुमारे १६,००० हर्ट्झच्या वरचा भाग बहुधा कापलेला असतो आणि त्याखालचा भागही ओबडधोबड झालेला असतो, त्यामुळे तो पिसारा वाळूच्या सरसरीसारखा ऐकू येतो. तबल्याच्या चाटीवरचा ना आणि टाळांचा गजर हेही असेच कसोटीचे नाद आहेत. जुने संग्रह नव्याने उतरवताना म्हणूनच फ्लॅक किंवा ॲपलचा अलॅक यांसारखी, काहीही न वगळता जागा वाचवणारी पद्धत वापरावी. तिच्यात जागा साधारण निम्म्यापर्यंत येते आणि एकही मूळ आकडा गमावला जात नाही. आलाप आणि बंदिश वेगवेगळ्या फाइलींत तोडलेल्या असतील, तर प्लेअरमध्ये दोन फाइलींच्या मधली शांतता वगळणारी गॅपलेस ही सोय सुरू आहे का, तेही पाहावे, कारण समेच्या तोंडावर पडलेली क्षणभराची पोकळी ही कोणत्याही जिटरपेक्षा अधिक खटकते.

खर्चाचा क्रम लावायचा झाला, तर स्पीकर आणि त्यांची खोलीतली मांडणी यांना पहिला मान द्यावा लागेल, त्यांच्यामागून ॲम्प्लिफायर व फाइलींचा दर्जा, आणि सर्वांत शेवटी डॅक व केबल. चांगल्या स्पीकरना साध्या जोडतारेतून मिळालेले पूर्ण दर्जाचे गाणे हे सुमार स्पीकरना महागड्या डॅकमधून मिळालेल्या गाण्याहून नेहमीच सरस वाजते. घराच्या माळ्यावर किंवा कपाटावर पडलेला चालू स्थितीतला जुना ॲम्प्लिफायर भंगारात देण्याच्या विचारात जे वाचक असतील, त्यांनी तत्पूर्वी एकदा त्याच्या मागच्या बाजूची धूळ पुसून तिथे ऑक्स किंवा टेप असे लिहिलेली सॉकेटांची जोडी आहे का, एवढे आवर्जून पाहावे.